फीचर टाकण्याआधी एक रात्र काट्यावर बसा

धरणगाव भागातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर मी नोव्हेंबरात रात्री अकराला स्टूल टाकून बसलो होतो. बाहेर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर ट्रॉल्या, आयशर, छोटा हत्ती अशी रांग पार गेटच्या बाहेर गेलेली, आणि केबिनमधे काट्यावरचे नाना आमच्याच सॉफ्टवेअरवर एन्ट्री मारत होते. गाडी काट्यावर चढली की नाना गाडी नंबर टाकायचे आणि मग टॅब दाबत सुटायचे, तोंडातल्या तोंडात मोजत, एक, दोन, तीन करत चौदापर्यंत, आणि चौदाव्याला थांबून वजन टाकायचे. मी विचारलं नाना हे काय मोजताय, तर म्हणे, "भाऊ, चौदा दाव टॅब दाबं का मंग वजननी जागा येस." कीबोर्डच्या शेजारी लाल वही उघडी होती. गर्दी वाढली की ते सरळ वहीत लिहायचे आणि पहाटे बसून सगळं कॉम्प्युटरात चढवायचे.

चार सीझनआधी हीच स्क्रीन पाच रकान्यांची होती. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, भरगाडी वजन, खाली (म्हणजे रिकामी) गाडी वजन, भाव, संपलं. बाकीचे रकाने आम्हीच वाढवले, एकेक करून. अकाउंटंटला पॅन हवा होता, मालकांना कोणत्या गावाचा माल किती येतो ते पाहायचं होतं, दलालीचा हिशोब, हमाली, तोलाई, ओलावा, ड्रायव्हरचा मोबाईल. यातलं एकही फीचर फालतू नव्हतं आणि प्रत्येकामागे खरा माणूस आणि खरं कारण होतं, आणि म्हणूनच हे ओळखायला अवघड जातं, कारण आपण वाईट फीचर शोधत बसतो आणि वाईट असं एकही सापडत नाही. सगळी चांगलीच असतात, फक्त सगळी मिळून एकाच माणसाच्या बोटांवर येऊन बसलेली असतात.

हिशोब साधा आहे. एका गाडीमागे २० सेकंद जास्त लागले आणि दिवसाला १५० गाड्या आल्या तर ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटं. ही ५० मिनिटं ना आम्ही भरतो ना मालक, ती नाना भरतात आणि थंडीत ट्रॉलीवर गोधडी घेऊन बसलेला शेतकरी भरतो. त्या रात्रीनंतर आम्ही काम करायची पद्धत बदलली, ती इथे सविस्तर लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आता बरीच पोरं अशी छोटी सॉफ्टवेअर बनवतात, दालमिलसाठी, केळीच्या व्यापाऱ्यांसाठी, दूध डेअरीसाठी, त्यांना कामी येईल असं वाटतं.

आधी रोजची वाट शोधा

तुमच्या सॉफ्टवेअरमधे एक काम असं असतं की जे दिवसातून सगळ्यात जास्त वेळा होतं. ते काम करणाऱ्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची वाट कागदावर लिहून काढा, प्रत्येक की, प्रत्येक क्लिक, प्रत्येक वेळी मान वळवून कुणाला विचारलं ते सुद्धा. हे ऑफिसात बसून होत नाही. आणि मे महिन्यात जाऊन पण होत नाही, तेव्हा काट्यावर शुकशुकाट असतो आणि सगळे म्हणतात सॉफ्टवेअर एकदम झकास आहे. भर सीझनमधे जा, अख्खी पाळी बसा, आणि तोंड बंद ठेवा. माणूस अडला तरी सांगायचं नाही की भाऊ तिथे क्लिक कर, कारण तो जिथे अडतो तीच तर माहिती आपल्याला पाहिजे असते.

मग जे काय रकाने, बटणं, रिपोर्ट आहेत त्यांचे ढीग करायचे. दर गाडीला लागणारं, दिवसातून एकदा लागणारं, आणि सीझनमधे एकदोनदा लागणारं. मुख्य स्क्रीनवर फक्त पहिला ढीग, बाकीच्यांना दुसरीकडे जागा द्यायची, त्यांना तिथे दोन क्लिक जास्त लागले तरी चालतात, कारण महिन्यातून एकदा दोन क्लिक म्हणजे काहीच नाही.

पण ढीग करताना अजून एक प्रश्न विचारायचा जो आम्ही आधी कधीच विचारला नव्हता, की या रकान्याचं उत्तर त्या क्षणी त्या माणसाला माहीत असतं का? ओलाव्याचंच बघा. सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव देते, त्यापुढे कपात, आणि १२ च्या वर घेतच नाही, त्यामुळे ओलावा हा आकडा पैशाचा आहे, नोंद पाहिजेच यात वाद नाही. म्हणून आम्ही काट्याच्या स्क्रीनवर ओलाव्याचा रकाना टाकला आणि तो सक्तीचा केला, भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. पण ओलावा मोजतो ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत तपासणारा माणूस, गाडी आत गेल्यावर, ढिगाजवळ, मीटर लावून. काट्यावर नानांना तो आकडा माहीतच नसतो! मग नाना काय करणार, ८ टाकून पुढे जाणार. सीझन संपल्यावर मी रिपोर्ट काढला तर खालपर्यंत नुसते ८, ८, ८. सक्तीचा रकाना चुकीच्या माणसाच्या पुढ्यात ठेवला की खोटी माहिती जमा होते आणि ती खरी समजून वर कोणीतरी निर्णय घेतो, हे मला फार लागलं. नुसती स्क्रीन भरली असती तर एवढं वाटलं नसतं.

आता ग्रेडरला मोबाईलवर वेगळं छोटं पान आहे, त्यात आत असलेल्या गाड्यांची यादी दिसते, गाडीवर बोट ठेवलं की ओलावा टाकायचा, एवढंच. काट्याच्या स्क्रीनला हात लावला नाही. हे काही आमचं डोकं नाही, १९७८ साली बेल लॅब्जच्या डग मॅकिलरॉयने युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पद्धतीबद्दल हेच लिहून ठेवलंय की एका प्रोग्रामने एकच काम नीट करावं आणि नवीन काम आलं तर जुन्या प्रोग्राममधे फीचर कोंबण्यापेक्षा नवीन बनवावा. मी हे कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं, त्याचा अर्थ मला काट्यावर कळला.

बटण मागितलं तर किस्सा विचारा

क्लायंट कधी अडचण सांगत नाही, तो उपाय सांगतो. इथे एक बटण द्या, तिथे एक रिपोर्ट द्या. त्याची चूक नाही, त्याने रात्रभर विचार करून आपल्या परीने उपाय काढलेला असतो. आपलं काम आहे की ते बटण बाजूला ठेवून विचारायचं, आप्पा, परवा काय झालं होतं? एक तारीख, एक गाडी, एक भांडण, असं नेमकं काहीतरी बाहेर येईपर्यंत विचारत राहायचं.

एका मालकांनी आम्हाला सांगितलं की गाडीनुसार हिस्ट्री रिपोर्ट पाहिजे, तारखेचा फिल्टर, गावाचा फिल्टर, पीडीएफ, व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय. मी खर्च काढला तर दहा-बारा दिवसांचं काम. मग किस्सा विचारला. झालं असं होतं की एका ट्रॉलीचं खाली वजन आधीच्या खेपेपेक्षा बरंच कमी भरलं. ट्रॉलीत काहीतरी होतं का काट्यात गडबड होती कोणालाच कळेना, शेतकरी आणि दिवाणजी दोघं तासभर हमरीतुमरीवर, रांग खोळंबली. म्हणजे त्यांना हिस्ट्री पाहत बसायचं नव्हतंच, गाडी काट्यावर उभी असतानाच फरक दिसायला पाहिजे होता.

आम्ही एवढंच केलं की खाली गाडीचं वजन आलं की त्याच्या शेजारी बारीक अक्षरात त्या गाडीचं मागच्या खेपेचं खाली वजन दिसतं, आणि फरक १०० किलोच्या वर गेला तर ते लाल होतं. नवीन स्क्रीन नाही, नवीन बटण नाही, नानांना एक की सुद्धा जास्त दाबावी लागत नाही. दीड दिवसात झालं. रिपोर्टची आठवण नंतर कोणी काढली नाही.

आणि किस्सा बाहेर आलाच नाही, म्हणजे "असू द्या हो, कधीतरी लागेल" एवढंच उत्तर मिळालं, तर ते फीचर बनवू नका. बनवायचंच असेल तर आधी वहीत बनवा. खरंच सांगतो, लाल वहीत एक रकाना आखा आणि काट्यावरच्या माणसाला सांगा आठ दिवस हा भरा. आठ दिवसांनी रकाना भरलेला असेल आणि कोणीतरी तो वाचला असेल तर कोड लिहायला बसा. आमच्याकडे असे बरेच रकाने तिसऱ्या दिवसापासून कोरे राहिले.

गुंता कुणाच्या माथी?

इथे एक गैरसमज काढायला पाहिजे. साधं म्हणजे कमी फीचर असं काही नसतं. लॅरी टेस्लर, ज्याने कट-कॉपी-पेस्ट घडवलं तो माणूस, त्याचं म्हणणं असं होतं की प्रत्येक कामात थोडा गुंता असा असतो की तो नाहीसा करताच येत नाही, प्रश्न फक्त एवढाच की तो प्रोग्रामर सोसणार का वापरणारा. मला सॉफ्टवेअर डिझाइनमधलं याच्यापेक्षा उपयोगी दुसरं वाक्य सापडलेलं नाही.

उदाहरण आपल्या घरचंच घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावर रिव्हर्स चार्ज लागू झाला, म्हणजे टॅक्स विकणाऱ्या शेतकऱ्याने नाही तर घेणाऱ्या जिनिंगवाल्याने भरायचा. ऐन सीझनमधे! कोणीही घाईत असतं तर काट्याच्या स्क्रीनवर एक टिक टाकली असती, रिव्हर्स चार्ज हो का नाही. आता रात्री अकराला नानांनी त्याचं उत्तर कुठून द्यायचं? पण माल देणारा शेतकरी आहे का व्यापारी हे खात्यात एकदाच लिहून ठेवलं की बाकी सगळं सॉफ्टवेअर आपोआप ठरवू शकतं. गुंता तेवढाच राहिला, पण तो आमच्या कोडमधे आला, अकाउंटंटच्या रिपोर्टमधे आला, काट्यावर गेला नाही.

दुसरं, वजन. आधी नाना इंडिकेटरवरचा, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्यावरचा, आकडा पाहून टाईप करायचे, ४८३० चं ४३८० झालं की पुढे पैशाचं भांडण. आम्ही इंडिकेटरला केबल लावून वजन थेट स्क्रीनवर घेतलं. आमच्यासाठी हे आजवरचं सगळ्यात किचकट फीचर होतं, प्रत्येक कंपनीचा इंडिकेटर वेगळ्या पद्धतीने आकडे पाठवतो, कोणी पुढे शून्य लावतो, कोणी मायनस शेवटी टाकतो, गाडी हलत असताना आकडा उड्या मारतो म्हणून तो स्थिर होईपर्यंत थांबायचं लॉजिक वेगळं, महिनाभर आम्ही त्यात होतो. आणि नानांच्या बाजूने काय झालं तर एक काम कमी झालं. असं फीचर दिसलं की कितीही मेहनत लागो, करा. कोड किती वाढला ते मोजू नका, हाताने करायचं काय कमी झालं ते मोजा.

सेटिंगचा मोह

दोन क्लायंट दोन वेगळ्या गोष्टी मागतात तेव्हा आपल्याला सगळ्यात सोपं वाटतं ते म्हणजे सेटिंग देणं, ज्याला पाहिजे त्याने चालू करावं, ज्याला नको त्याने बंद. दोघं खुश. पण चालू-बंदची १० सेटिंग झाली की तुमचं सॉफ्टवेअर १०२४ वेगवेगळ्या तऱ्हेने चालू शकतं, आणि २० झाली की १० लाख ४८ हजार ५७६ तऱ्हेने, आणि तुम्ही टेस्ट करता त्यातल्या तीन-चार. मग चोपड्याहून फोन येतो की पावती अर्धीच छापतेय आणि तुमच्याकडे तर बरोबर छापली जाते, दोन दिवसांनी कळतं की तीन सेटिंग एका ठराविक तऱ्हेने लागल्या की असं होतं.

साक्रीकडे पांझरेवर फड बागायत आहे ना, काहीशे वर्षं जुनी पद्धत, नदीवर बंधारा, पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळे शेतकरी मिळून ठरवतात आणि त्या फडात तेच एक पीक. प्रत्येकाने आपापल्या मर्जीचं पीक लावलं तर पाटकऱ्याला प्रत्येक वावराची पाळी वेगळी सांभाळावी लागेल. निर्णय वर एकदा बसून घेतला म्हणून खाली रोजचं पाणी देणं सोपं राहतं. सेटिंग देताना मी नेहमी हे आठवतो. डिफॉल्ट, म्हणजे कोणी काही बदललं नाही तर जे चालतं ते, ठरवणं हे आपलं काम आहे, ते वापरणाऱ्यावर ढकललं की आपण निर्णय टाळलेला असतो. आम्ही आता सेटिंग फक्त तिथे देतो जिथे कायदा किंवा मशीन वेगळं आहे, जसं की इंडिकेटर कोणता, प्रिंटर कोणता. नुसती आवड वेगळी म्हणून देत नाही.

जास्तीचं आपोआप लपवायचं हा पण रस्ता काही खास नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मधे मेनू असे केले होते की तुम्ही जे कमी वापरता ते आपोआप लपायचं. कागदावर छान वाटतं, पण हाताला जागा पाठ असते, आज बटण इथे आणि उद्या दिसतच नाही असं झालं की माणूस गोंधळतो. २००७ ला त्यांनी ते सोडून रिबन, म्हणजे वर बटणांची कायम दिसणारी पट्टी, आणली. नाना चौदा मोजतात ना, तसंच आहे ते, त्यांचा हात जागा मोजतो. म्हणून रोजच्या वाटेवरची गोष्ट कधी हलवू नका, मधे काही घुसवू नका, आणि हलवायचीच असेल तर सीझन संपल्यावर, सगळं एकदाच.

काढायचं कसं

टाकण्यापेक्षा काढणं अवघड, आणि इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. डिसेंबरात एका अपडेटमधे आम्ही डुप्लिकेट पावतीचं बटण काढलं, आम्हाला वाटलं पावती तर एकदा छापतेच. त्याच रात्री फोन सुरू झाले. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर ती दुसरी पावती पंपावर दाखवून डिझेलची उचल घ्यायचा, हे आमच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. दोन वाजेपर्यंत बसून जुनं व्हर्जन परत टाकलं. व्हॉट्सॲपसारख्यांना पण हे चुकलेलं नाही, २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांनी अक्षरांचं साधं स्टेटस काढून २४ तासांचं फोटोवालं आणलं, लोकांनी ओरड केली आणि मार्चमधे अक्षरांचं परत द्यावं लागलं.

त्यामुळे आता आमचा नियम असा की कोणतं बटण किती वेळा दाबलं जातं ते अख्खा सीझन मोजायचं, एक महिना मोजून उपयोग नाही, कारण मार्चअखेरचा रिपोर्ट वर्षातून एकदाच निघतो पण तो नसला तर अकाउंटंट जेवणार नाही. मोजणी कमी आली की लगेच काढायचं नाही, जो कोणी ते दाबतो त्याला फोन करून विचारायचं कशासाठी दाबता. मग ते मुख्य स्क्रीनवरून मागे न्यायचं, एक सीझन तिथे राहू द्यायचं, कोणी शोधत आलं नाही तर काढायचं. आणि खान्देशात गणेश चतुर्थीला कापसाची मुहूर्ताची खरेदी होते, त्या दिवसाच्या आत जे काय बदलायचं ते बदलून घ्यायचं, त्यानंतर फक्त दुरुस्त्या.

नाही कसं म्हणायचं

आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं, त्यातून समोरचा वडीलधारा, दरवर्षी चेक देणारा. मी नाही म्हणतच नाही, मी म्हणतो आप्पा करून देतो, पण आधी एक रात्र काट्यावर तुम्ही आणि मी सोबत बसू आणि हा रकाना कुठे बसवायचा ते नाना सांगतील. दोनदा असं झालं की मालक बारा वाजता स्वतःच म्हणाले राहू दे भाऊ.

आणि उशीर करणं म्हणजे दरवेळी टाळणं नसतं. गो नावाची प्रोग्रामिंगची भाषा गुगलने २००९ ला बाहेर आणली, तेव्हापासून लोक जेनेरिक्स, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या प्रकारच्या डेटासाठी वापरायची सोय, मागत होते, ते आलं मार्च २०२२ मधे, १.१८ व्हर्जनला. मधल्या बारा वर्षांत किती आराखडे झाले आणि बाजूला पडले, कारण भाषा साधी राहिली पाहिजे हा हट्ट होता. शेवटी टाकलंच, पण नीट बसेल असं सापडल्यावर.

आमच्या ऑफिसात आता भिंतीवर एक तक्ता आहे, कोणी मागितलं, कधी, कोणत्या किश्श्यावरून, आणि रोजच्या वाटेवर किती की वाढतात. शेवटच्या रकान्यात शून्य नसेल तर आम्ही तिघं बसून भांडतो. काट्याची स्क्रीन परत पाच रकान्यांवर आली, त्यातलं वजन केबलने येतं, म्हणून नाना टॅब मोजत नाहीत. वही अजून आहे, लाईट गेली की लागते. गाडीच्या फोटोचं तेवढं ठरलेलं नाही, मालकांना प्रत्येक पावतीवर फोटो पाहिजे आणि त्यामागे चोरीचा खरा किस्सा आहे, नाना म्हणतात रात्री हेडलाईटमुळे फोटोत नंबर दिसतच नाही. या सीझनला एकाच काट्यावर कॅमेरा लावतोय, फोटो आपोआप निघेल अशा बेताने, आणि मी पहिल्या आठवड्यात तिथे बसणार आहे.